निरोगी गटातले आण्णा

ज्या कामावर चार वर्षं पोट चाललं ते काम आता गुंडाळावं लागणार असं कानावर आलं, तर माणसाच्या तोंडचं पाणी पळायला हवं. नीलिमाला आनंद झाला. साधासुधा नव्हे, उकळ्या फुटतात म्हणतात तसा. डॉक्टर राजेश्वरी मॅडम चष्मा कपाळावर चढवून, खुर्चीत मागं रेलून म्हणाल्या, "के-एक ह्या तपासणीतही ठणठणीत निघाला ना, तर सत्तावीसचा नाद सोडू आपण," आणि नीलिमानं मान खाली घालून 'हो मॅडम' म्हटलं ते केवळ आपला चेहरा त्यांना दिसू नये म्हणून. शनिवार, अर्धा दिवस. प्रयोगशाळेतून बाहेर पडून ती सांगली-मिरज रस्त्यानं चालतच निघाली, विश्रामबागेत भडंगाचा पुडा घेतला आणि भर रस्त्यात उभं राहून, तळलेला लसूण वेचून वेचून खाल्ला. चौतीस वर्षांची बाई, पाठीवर बॅग, नाकावर चष्मा, आणि चेहरा बारावी पास झाल्याचा. येणारे-जाणारे बघत होते. मग हात पुसताना तिला स्वतःची लाज वाटली. मॅडमनी ह्या कामात जीव ओतला होता. परवा परवापर्यंत तिनंही ओतला होता. पण के-एक हा निरोगी गटातला क्रमांक म्हणजे तिचे आण्णा होते, तिचे वडील, आणि हे मॅडमना ठाऊक नव्हतं. सांगलीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

सत्तावीस म्हणजे एक प्रथिन. त्याचं खरं नाव एका दमात म्हणता येऊ नये इतकं लांब, म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्याला यादीतल्या आकड्यानंच हाक मारत. ते तुमच्याआमच्या सगळ्यांच्या रक्तात असतं. मेंदूतल्या मदतनीस पेशी ते तयार करतात. बेतात असलं तर झाडलोट करतं, वाढलं तर झाडता झाडता चांगल्या वस्तूही उचलून फेकतं. ज्यांची आठवण पुढं जाणार आहे त्यांच्या रक्तात हे प्रथिन काही वर्षं आधीच चढतं, असा मॅडमचा कयास होता. "दोन कामांचं आहे हे," त्या नव्या मुलांना समजावत. "रोगाची खूण हेच, आणि औषधाचा नेमही ह्याच्यावरच धरायचा. वाढलेलं दिसलं की रोग ओळखा, ह्याला अडवलं की रोग अडवा." रोग्यांच्या रक्तात ते चढलेलं सापडलंच होतं. पण साठ निरोगी माणसांत तिघांचा आकडा चढा निघाला होता, आणि खरी परीक्षा तिथं होती. ही तिघं पुढं विसरायला लागली तर कयास खरा. नाही लागली तर खूणही खोटी, नेमही खोटा. तिघांतली एक बाई हृदयविकारानं गेली, एकजण मुलाकडे सुरतेला गेला तो परत आला नाही. उरला के-एक. त्याचा आकडा सगळ्यांत चढा, आणि प्रकृती सगळ्यांत उत्तम. एका माणसावरून शास्त्र ठरत नाही हे मॅडमनाही कळत होतं, पण वरच्या समितीपुढं उभं राहून सांगायला त्यांच्याजवळ दुसरं होतं काय? उद्याच्या रविवारी के-एकची दुसरी तपासणी. ती करणार होती नीलिमा.

हे सगळं तिनंच ओढवून घेतलं होतं. रोगी मिळायला सांगली-मिरजेत तोटा नव्हता. निरोगी म्हातारी माणसं मिळेनात. निरोगी माणूस दवाखान्याची पायरी चढेलच कशाला? तेव्हा नीलिमाच फुशारकीनं म्हणाली होती, "मॅडम, मला एकटीला आमच्या रहिमतपूरला जाऊ द्या, एका दिवसात तीस देते." तीन वर्षं झाली त्याला. रविवारची वंदना संपली, विहाराच्या पडवीत टेबल मांडलं, आणि सुया बघून सगळी वडीलधारी मंडळी भिंतीकडेला सरकली. रक्त नेऊन करणार काय, कुठं विकणार, हातातली ताकद जाते का, एक ना दोन. तेवढ्यात आण्णा उठले. भूमिअभिलेखात चौतीस वर्षं मोजणीदार म्हणून काढलेला माणूस. कोरेगाव तालुक्यातला हद्दीचा कुठला दगड कुठल्या बाभळीखाली आहे ते नकाशा न उघडता सांगणारा. नोकरीच्या पहिल्या वर्षांत लोक त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, आणि तेच लोक दुपारी त्यांनी दाखवलेल्या रेषेवर निमूट बांध घालायचे. रेषा त्यांची कधी चुकली नाही. तर आण्णा उठले, बाही दुमडली आणि मोठ्यानं म्हणाले, "लिव माझं नाव. नंबर एक. आमच्या पोरीचं काम हाय, कुणी मागं सरायचं न्हाई." मग रांग लागली. आणि त्या रांगेत पिठाची चक्की चालवणाऱ्या कोंडीबानं विचारलं, "पर रिपोर्ट मिळंल न्हवं?" नीलिमानं सुई टोचता टोचता सांगितलं, "मिळेल की."

कागदावर स्वच्छ लिहिलं होतं, कुणालाही वैयक्तिक निकाल दिला जाणार नाही. तिनंच तो कागद मराठीत केला होता. पण आपल्याकडे रक्त दिलं की रिपोर्ट येतो. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवायचा असतो, आणि पाव्हणा आला की काढून दाखवायचा असतो. ज्याचा रिपोर्ट नाही असं रक्त कुणी दिलेलं त्या पडवीत कुणाला माहीत नव्हतं, आणि हे समजावत बसलं असतं तर रांग मोडली असती. 'मिळेल' हा एक शब्द. तेव्हापासून ती गावात शिरली की कुणी ना कुणी विचारायचंच, आणि ती म्हणायची, मशीन बंद आहे. तीन वर्षं बंद असलेल्या त्या मशीनवर कोंडीबानं एकदा शेरा मारला होता, "तुमच्यापरीस आमची चक्की बरी. लाईट आली की चालती तरी." सगळे हसले, तीही हसली. आण्णांनी मात्र रिपोर्ट कधीच मागितला नाही. त्यांना वाटायचं, आपण निरोगी गटात आहोत हाच आपला रिपोर्ट.

विश्रामबागेतून खोलीवर आली, दार लावलं, आणि भडंगाचा तिखटपणा जिभेवर असतानाच तिला दोन वर्षांपूर्वीच्या त्या प्लेटमधला पिवळा रंग आठवला. प्लेट म्हणजे तळहाताएवढी प्लॅस्टिकची ताटली, तिला शहाण्णव खळगे. खळग्यात एकेकाच्या रक्ताचं पाणी थेंबभर सोडायचं, ठेवायचं, धुवायचं, पुन्हा दुसरं काही सोडायचं; शेवटी ज्यात प्रथिन असेल तो खळगा निळा होतो आणि वरून आम्ल टाकलं की पिवळा. प्रथिन जास्त, तर पिवळा गडद. त्या दिवशी निरोगी मंडळींचे खळगे ताकाच्या निवळीसारखे फिके होते आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातला एक हळदीच्या पाण्यासारखा. तिनं आधी स्वतःला शिव्या दिल्या. थेंब जास्त पडला असेल, धुताना हात आखडला असेल. पुन्हा केलं. पिवळा. तिसऱ्यांदा पाणी घालून पातळ करून केलं, तरी यंत्रानं आकडा काढला तो रोग्यांतल्या निम्म्यांच्या वर. कुणाचा क्रमांक कुठला, ती वही कपाटात होती. तिला वही उघडायची गरज नव्हती. तिनं हातमोजे काढले, धुतलेले हात पुन्हा धुतले, आणि तिच्या मनात आलेला पहिला विचार असा होता की आण्णांना आज दुपारी फोन करायचा राहिला. असा भलताच विचार का आला ते तिला आजही सांगता आलं नसतं. मॅडम मात्र कागद बघून जाग्यावरून उठल्याच. "कोण हा के-एक?" असं म्हणाल्या आणि लगेच हात हलवला. "नको, सांगू नका. नाव कळलं की डोळा फितूर होतो. पण ह्याला जपा हं. हा माणूस पुढं काय होतो त्यावर आपलं सगळं आहे." मॅडम वाईट नव्हत्या. बकरं जपतात तसं जपा असं काही त्यांच्या मनात नव्हतं. पण 'जपा' ह्या शब्दानं नीलिमाला ते बकरंच आठवलं. तेव्हाच सांगायला हवं होतं, मॅडम, हा माझा बाप आहे. सांगितलं असतं तर के-एक यादीतून गेला असता, कदाचित तीही गेली असती. पण खरं कारण ते नव्हतं. जोवर तोंडानं म्हटलं नाही तोवर तो एक आकडा होता, आणि आकडा चुकू शकतो.

तेव्हापासून ती दर रविवारी गावाला जायला लागली. आईला, बनाबाईला, बरं वाटलं. लेकीला घराची ओढ लागली म्हणून ती शेजारणींना सांगत सुटली. पुण्याच्या कपिलला फोनवर टोमणे बसायला लागले, बघ, तुझी बहीण दर आठवड्याला येती. ओढ कसली! नीलिमा बापाला तपासायला जात होती. आण्णा चष्मा कुठं ठेवतात, वाक्य मध्येच सोडतात का, चहात दोनदा साखर घालतात का. बोलता बोलता, गंमत केल्यासारखं ती विचारायची, "आण्णा, आज तारीख किती?" आणि आण्णा तारीख, वार, महिना, साल, सगळं ताठ बसून सांगायचे. एक वर्षानंतरची रीतसर तपासणी झाली तेव्हा तीसपैकी तीस गुण. सुरुवातीला अठ्ठावीस पडले होते. सत्तरी गाठलेला माणूस दोन गुणांनी सुधारतो का, हे तिच्या मनात येऊन गेलं, नाही असं नाही. पण सुंठीवाचून खोकला जात असेल तर सुंठ शोधत कोण बसतं? तिनं सांगलीच्या गाडीत बसल्या बसल्या डायरीत लिहिलं, 'उत्तरं बरोबर', आणि डोळे मिटून घेतले. एक गोष्ट मात्र सलत राहिली. पूर्वी ती गेली की आण्णा मोजणीची साखळी टाकायच्या काळातल्या गोष्टी सांगायचे, बांधावरची भांडणं, एका हाताच्या जमिनीसाठी कोर्टात गेलेले सख्खे भाऊ, त्यांच्या नकला. वर्ष-दीड वर्षात एकही गोष्ट झाली नव्हती. ती विचारायची, ते उत्तर द्यायचे. बाप-लेकीत प्रश्नपत्रिकेशिवाय काही उरलं नव्हतं, आणि प्रश्न विचारणारी ती होती. उद्या तीसपैकी तीस पडले की हे सगळं संपणार होतं. सत्तावीस खोटं ठरणार होतं, एक प्रथिन यादीतून जाणार होतं आणि आण्णा परत मिळणार होते. त्या रात्री तिला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

सकाळच्या गाडीनं ती रहिमतपूर स्टेशनला उतरली. बाहेर वडापची एकही जीप नव्हती. ऊसतोडीचे दिवस, रस्ताभर ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या. लालासाहेबांनी मोटरसायकल थांबवली. फौजेतून आलेले, आता वीस एकर उसात रमलेले, आण्णांहून दहा वर्षांनी लहान. "बस मागं, नीलिमा. तुमच्याच अंगाला निघालोय." मग गाडी हळू करत ते म्हणाले, "एक सांगू का? मनाला लावून घेऊ नगंस. आण्णास्नी आता कुणी बांधाव न्हेनार न्हाई असं बघ."

"का? काय झालं?"

"झालं काय न्हाई. दिवाळीच्या आदुगर माझ्या गटाची हद्द दावाय आलं, अन् थेट दुसऱ्याच्याच उसात घुसलं. म्या म्हटलं, ऊस लय वाढलाय, चुकतंय माणूस. म्होरल्या खेपंला बी तीच तऱ्हा. मग मोजणीचं सायेब यायच्या दिवशी म्या काय केलं, सक्काळी जाऊन दगडाला चुना फासून आलो. लांबनं दिसाय पायजे. आण्णा बराबर दगडाव जाऊन हुबं ऱ्हायलं. सायेब म्हनलं, वा आण्णा! इज्जत ऱ्हायली बघ." ते हसले, हसताना त्यांचा आवाज जरा फाटला. "त्येंनी आमच्या तीन पिढ्यांच्या जमिनी सरळ केल्या. येवढं तर करायला पायजे."

"मला का नाही सांगितलं तुम्ही?"

लालासाहेबांनी आरशातून तिच्याकडं बघितलं. "तुला? तू तर दर आयतवारी त्येंची तपासणी करतीस. समदं गाव बघतंय. तुला ठावं आसंल म्हटलं."

घरी आण्णा नव्हते, विहारात गेले होते. बनाबाई भाकरी थापत होती. नीलिमा पाटावर टेकली, पाणी प्याली, आणि रस्ताभर जुळवून ठेवलेलं वाक्य तिच्या तोंडून निघेना. दिवाळीच्या आधी. म्हणजे तीन महिने. त्या तीन महिन्यांत बारा रविवार आले आणि बारा वेळा तिनं लिहिलं, उत्तरं बरोबर. लालासाहेब खोटं बोलायचं कारण नाही. मग उत्तरं? शेवटी तिनं साधंच विचारलं, "आई, आण्णांचं खरं कसं चाललंय?"

"चाललंय की. काय धाड भरली त्येंना?" बनाबाईनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग चुलीकडं बघतच, ओवी म्हटल्यागत सपाट सुरात म्हणाली, "आंबा, कुदळ, रस्ता."

"काय म्हणालीस?"

"आंबा, कुदळ, रस्ता. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. मला बी पाठ झालंय बघ. शुक्कीरवारपासनं चालू आस्तंय घरात."

आंबा, कुदळ, रस्ता हे तपासणीतले तीन शब्द. सांगायचे, पाच मिनिटांनी परत विचारायचे. शंभरातून सात-सात वजा करायचे. छापील कागद एकच होता, सगळ्यांना तोच. पहिल्या वर्षी त्याची एक प्रत ती ह्याच घरात विसरून गेली होती. "तारीख मी सांगती कॅलेंडरात बघून," बनाबाई म्हणाली. "शनवारी सांजंपासनं धा येळा इचारत्यात, उद्या तारीख काय, म्हैना काय. कलेक्टरचं नाव कपिल फोनवर सांगतूय. रातीला काय खाल्लं त्ये मी सकाळी दोनदा वदवून घेती. म्हनत्यात, सायेब येनार म्हटल्याव दप्तार तयार पायजे. चौतीस वर्सं तपासनीत एक शेरा न्हाई माझ्याव."

"पण का? मला फसवायचं कशाला?"

"फसवतंय कोन? येडी का खुळी तू!" बनाबाई पहिल्यांदा तिच्याकडं वळली. तिचे डोळे धुरानं लाल होते, किंवा धुरानं नसतीलही. "त्येंनी मला येकच सांगितलंय. पोरीनं मला निरोगीत धरलंय, नंबर येकला. पयलाच दगूड हालला तर म्होरली समदी मोजनी चुकती. तिच्या नोकरीव यील म्हनले. तू गेलीस की लय दमत्यात गं. सोमवारी दिवसभर पडून आस्त्यात. जेवलो का न्हाई त्ये बी ध्यानात ऱ्हात न्हाई."

नीलिमा उठून मागल्या दारी गेली, धुण्याच्या दगडावर बसली आणि रडली. रडताना तिला हसूही येत होतं, आणि त्या हसण्याची तिला भीती वाटत होती. तिच्या कामाला बट्टा लागू नये म्हणून आण्णा गणती पाठ करत होते, आणि त्या पाठ केलेल्या गणतीनंच तिचं काम बुडत होतं. के-एक ठणठणीत, म्हणून सत्तावीस खोटं. म्हणून ते औषध कुणी शोधायचं नाही. ह्या घरातनं, ह्या गावातनं, सांगलीतल्या त्या टेबलापर्यंत सगळ्यांनी मिळून आण्णांना निरोगी ठेवलं होतं. लालासाहेबांनी दगडाला चुना फासला, कपिलनं फोनवरून नाव पुरवलं, आईनं रात्रीचं जेवण घोकून घेतलं, आणि तिनं? तिनं तीसपैकी तीस बघून डोळे मिटले. एकट्या त्या प्रथिनाला माया नव्हती. ते दोन वर्षांपूर्वीच काय ते सांगून मोकळं झालं होतं. आता ह्या क्षणी आत जाऊन कागदावर तीस लिहिले तर कुणाला कळणार नाही. सत्तावीस जाईल, दुसरं एखादं येईल, तिची नोकरी राहील, आण्णांचा मान राहील, झाकली मूठ राहील. पण मग आण्णा दर शुक्रवारपासून घोकत राहणार, दर सोमवारी आडवे होणार, आणि आतल्या आत जे ढासळतंय ते एकटेच बघणार, तिच्यापासून लपवत, तिच्यासाठी. हे तिला सोसेना. बापाला रोग झालाय ह्याहून तो रोगात एकटा आहे हे तिला जास्त लागलं.

आण्णा आले तेव्हा त्यांच्या अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा होता. लेकीला बघून हसले, पण बसले ते थेट लोखंडी खुर्चीवर, हात गुडघ्यांवर, तयारीनं. "घे. इचार," ते म्हणाले.

नीलिमानं छापील कागद पिशवीत सारला, कोरी वही काढली आणि खुर्ची त्यांच्यासमोर ओढली. "आण्णा, आधी मी सांगते. तुमचा रिपोर्ट आलाय. दोन वर्षांपूर्वीच आलाय. मी सांगितला नाही."

बनाबाई चौकटीत येऊन उभी राहिली.

"रक्तात एक प्रथिन असतं. ते ज्यांचं वाढतं त्यांची आठवण पुढं कमी होते असा आमचा अंदाज होता. तुमचं लय वाढलंय, आण्णा." कधी नव्हे तो तिच्या तोंडात घरचा शब्द आला. "तुम्हाला आठवत नाही ना? लालासाहेबांचा दगड आठवला नाही. मला कळलंय."

सदऱ्याचं वरचं बटण आण्णांनी उगाच काढलं, पुन्हा लावलं. "मंजी मी निरोगी न्हाई," ते म्हणाले.

"नाही."

"मंजी तुझा नंबर एकच खराब निगाला."

"खराब नाही. उलट आहे. तुम्ही पाठ करून सांगत होता म्हणून आमचा अंदाज चुकला असं ठरत होतं. मॅडम उद्या ते काम बंद करणार होत्या. तुम्ही खरं सांगितलंत तर ते चालू राहील."

"त्येच्याव औषध हाय?"

"अजून नाही. त्याच प्रथिनाला अडवायचं, तो मार्ग आहे. पण लागतील वर्षं. तुमच्यापर्यंत पोचेल असं मी म्हणणार नाही." तिनं वाक्य पुरं केलं. उद्या मॅडमसमोरही असंच एक वाक्य पुरं करायचं होतं, के-एक माझे वडील आहेत. त्यानंतर नोकरी असेल, नसेल. आणि कोंडीबाला, सगळ्या पडवीला सांगायचं होतं की मशीन कधीच बंद नव्हतं.

"मला ठावं व्हतं," आण्णा हळूच म्हणाले. "परथीन-बिरथीन न्हाई. पर आतनं कळतं गं. पयल्यांदा वाटलं ऊसच वाढलाय. मग एक दिवशी विहारातनं घराकडं निगालो अन् वाटंत हुबा ऱ्हायलो. घर कुठल्या अंगाला त्येच सुदरंना. तासभर हुबा व्हतो. कुणाला इचारायचं? मी समद्यांला हद्दी दावलेला मानूस." एवढं सलग ते कितीतरी महिन्यांत बोलले नव्हते. नीलिमानं त्यांचे हात हातात घेतले. ते थंड होते.

"मला विचारायचं," ती म्हणाली.

आण्णांनी मान हलवली. मग स्वतःच हात सोडवून घेतले, पाठ ताठ केली. "बरं. लिवून घे. आता मी पाठ क्येलेलं सांगनार न्हाई."

तिनं वही उघडली. "आण्णा, महिना कुठला चालू आहे?"

सवयीनं त्यांची नजर चौकटीकडं गेली. बनाबाईचे ओठ उघडले. आण्णांनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले, एकदा काहीतरी म्हणणार असं वाटलं, ते गिळून टाकलं. बाहेर रस्त्यावरून उसाची ट्रॉली खडखडत गेली. ती जाईपर्यंत ते शोधत राहिले.

"न्हाई ठावं," ते म्हणाले.

नीलिमानं लिहिलं. तिचं अक्षर वाकडं आलं. आण्णा वाकून वहीत बघत होते, तपासणीच्या साहेबाचा शेरा बघावा तसे.

"आता बराबर लिवलंस न्हवं?"

"बरोबर, आण्णा," ती म्हणाली, आणि वही त्यांना नीट दिसेल अशी वळवून तिनं पुढचा प्रश्न विचारला.